कुंपणाच्या आतला डोंगर

या अंकातली भटकंती स्कॉटलंडच्या बेन लॉर्सवरची आहे. लॉख टे सरोवराच्या काठचा हा १२१४ मीटरचा डोंगर चार हजार फुटांना जरासा कमी पडतो. ती कसर भरून काढायला १८७८ मध्ये हौशी मंडळींनी माथ्यावर दगडांची रास रचली! नकाशावाल्यांनी ती हिशेबात धरली नाही, ते ठीकच.

उतारावरचं हिरवंगार गवत मात्र नजरेला फसवतं. मेंढ्या आणि हरणं कोवळी रोपं खुडतात, म्हणून झाडं वाढत नाहीत. पाऊलवाट एका कुंपणातून जाते. तिथे चराई थांबताच बर्च, विलो पुन्हा उभे राहिले. आम्हाला विचाराल तर शिखराआधी हे कुंपण पाहावं. लेखही तिथेच अधिक रेंगाळला आहे.