आरोग्यचिंतन : मेलाटोनिन आणि अंडाशयाचा कर्करोग

अंधार दाटू लागला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. येल विद्यापीठातील ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते प्रथम वेगळे केले. निद्रेशी त्याचे नाते सर्वपरिचित आहे. तथापि त्याचे कार्य तेवढ्यापुरते मर्यादित नाही.

पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, याचे आदेश प्रथिनांच्या साखळीतून पुढे पोहोचतात. कर्करोगात वाढीचा आदेश थांबतच नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी अंडाशयाचा कर्करोग असलेल्या उंदरांना मेलाटोनिन दिले, तेव्हा एचईआर-२, एकेटी व एमटॉर या वाढीचा आदेश वाहणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण घटलेले आढळले.

मात्र या संप्रेरकाने स्त्रियांमधील हा रोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. त्याच्या गोळ्यांच्या भरवशावर शस्त्रक्रिया वा केमोथेरपी लांबणीवर टाकणे घातक ठरेल. उपचार चालू असताना गोळी घ्यायची, तर ती कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच.

हा रोग आरंभी फारसा बोलत नाही. पोट फुगणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे ही लक्षणे अपचन समजून ओव्यावर निभावली जातात. घर, दुकान आणि पाहुणे सांभाळणारी गृहिणी स्वतःकडे सर्वांत शेवटी पाहते. लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. आई वा बहिणीस हा रोग झाला असल्यास अधिक तत्परता हवी. रात्री दिवे मालवून वेळेवर झोपणे हितकारकच. वेळेवर केलेली तपासणी त्याहून मोलाची.