फांदी कोणाची?

वसईच्या वाड्यांतला मोगरा, जास्वंद, सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात येतो, हे आमच्या गृहिणींना सांगायला नको. पण समजा, एखाद्या वाडीवाल्याच्या जास्वंदीला एकाच फांदीवर निराळ्या रंगाची फुले आली, तर तो रंग कोणाचा? प्रश्न वेडगळ वाटेल. फांदी मातीत खोचली की रुजते. शेजारी मागतो, आपण देतो, आणि दोन पावसाळ्यांत तो रंग नालासोपाऱ्यापासून आगाशीपर्यंत सगळ्यांचा! जपणाऱ्याच्या पदरी फार तर एक ‘वा!’

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरून त्यांनी जो तांदूळ निवडत नेला, तो गावोगाव पिकला. नाव मात्र पडले एचएमटी, म्हणजे घड्याळाचे! दादाजी 2018 साली गेले, ते हलाखीतच.

अमेरिकेने 1930 सालीच यावर कायदा केला. पुढच्या वर्षी रोपाचे पहिले पेटंट मिळाले ते हेन्री बोसेनबर्ग यांच्या ‘न्यू डॉन’ या वेलगुलाबाला. मूळचा गुलाब हंगामात एकदाच फुलायचा. त्याचीच ही बदललेली फांदी पुन्हापुन्हा फुलू लागली, एवढेच.

आपल्याकडे रोपाला पेटंट नाही. पेटंट कायद्याच्या कलम 3(जे) ने ते दार बंद केले आहे. (कलम हा शब्द माळ्याचा की वकिलाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.) दुसरे दार 2001 च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने उघडले. सरकारने जाहीर केलेल्या पिकांतले वाण इतरांहून वेगळे, एकसारखे आणि टिकून राहणारे ठरले, तर त्याची नोंद होते. झाडांना आणि वेलींना 18 वर्षे, बाकीच्यांना 15. शेजारच्या वाडीला फांदी देण्याची मुभा शेतकऱ्याला राहतेच. छाप मारून रोपे विकायला तेवढी बंदी. हा तोडगा मला अमेरिकेपेक्षा शहाणा वाटतो.

मेख एकच. ‘नवे वाण’ म्हणून हक्क हवा, तर त्याची रोपे किंवा फुले विकायला लागून वर्ष उलटण्याच्या आत अर्ज गेला पाहिजे. शेतकऱ्यांनी पिढीजात राखलेल्या वाणांना ही अट नाही; पण कालपरवा उमललेल्या रंगाला आहे. आणि आमचा वाडीवाला तर फूल दिसले की आधी दादर गाठतो! निदान त्या दिवशीची तारीख तरी त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी.