ऑफिसलाही सेतू अभ्यासक्रम हवा



"मॅडम, आता रोज ऑफिसला जावं लागतं, डायरीवर आजीचीच सही चालेल ना?" हे वाक्य गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीचं झालंय. कोरोनात घरी आलेली ऑफिसं पुन्हा मुंबईला निघाली. टीसीएसने 1 ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस कर्मचाऱ्यांना कार्यालयात बोलावलं. इतर कंपन्यांत कुठे दोन दिवस, कुठे तीन. माणसं परत आली की त्यांना ऑफिसात बरं वाटावं म्हणून काय करायचं, याची चर्चा मोठे लोक करतात. त्यात एका प्राथमिक शिक्षिकेने कशाला बोलायचं? पण घरी बसलेल्यांना परत आणून बसवायचं काम आपल्याइतकं कोणी केलंय, सांगा बरं!

आठवून बघा. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 1 जुलै 2021 पासून दुसरी ते दहावीसाठी 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला. मागच्या इयत्तेतलं काय येतं, काय राहिलं ते आधी बघायचं, मग पुढचं शिकवायचं. पुढे शाळा प्रत्यक्ष भरल्या तेव्हा काही मुलं बाकावर अर्धा तासही बसेनात, काहींना डबा एकट्याने खाता येईना. पहिल्याच दिवशी आपण पान नंबर 1 उघडलं नाही. डी.एड.ला शिकलो होतो ना, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मूल गेलं तसंच परत येणार नाही, हे आपण गृहीत धरलं होतं.

ऑफिसं मात्र बहुतेक वेळा एक तारीख कळवतात. पहिल्या दिवशी केक, नवीन कॉफी मशीन, कोपऱ्यात बीन बॅग. वाईट नाही ते. पाठीला आधार देणारी खुर्ची तर हवीच, आठ-नऊ तास बसायचंय. पण आमच्या पापडीच्या माणसाचं ऑफिस दारापाशी सुरू होत नाही हो, रिक्षा स्टँडपाशी सुरू होतं. आधी रिक्षाने वसई रोड स्टेशन, तिथून चर्चगेट सुमारे 52 किलोमीटर. विरारहून सुटलेली लोकल वसईला येते तीच भरून. म्हणून काही जण आधी उलटे विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात! रिक्षा, लोकल आणि उतरल्यावरची बस धरली तर एका बाजूचे दोन तास सहज जातात. रोजचे चार, पाच दिवसांचे वीस. एवढा वेळ घालवून पोहोचलेल्या माणसाला बीन बॅगचं काय कौतुक?

त्यामुळे माझं मत सरळ आहे. आरामाची पहिली वस्तू म्हणजे वेळ. दहाच्या ठोक्याला सगळ्यांनी हजर राहायचा हट्ट सोडला, सकाळी दीड-दोन तासांची मुभा दिली आणि लवकर येणाऱ्याला लवकर सोडलं, तर पैसे फारसे लागत नाहीत. हे होऊ शकतं. गर्दी विभागावी म्हणून मध्य रेल्वेने नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्याच मुंबईतल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या आणि इतर कार्यालयांनाही तशी विनंती केली. राज्य सरकारने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा रोजची वेळ वाढली, पण महिन्यातल्या काही फेऱ्या वाचल्या. लांबून येणाऱ्याला विचारा, अशा एका फेरीची किंमत काय ते.

दुसरी गोष्ट. माणसाला ऑफिसात बोलवायचं आणि तिथे त्याने हेडफोन लावून दुसऱ्या शहरातल्या माणसाशीच बोलायचं, तर मग विरार लोकल कशाला? ज्या दिवशी बोलवाल त्या दिवशी समोरासमोर बसून करायचं काम ठेवा. नव्या मुलांना शेजारी बसवून शिकवा. लॉकडाऊनमध्ये नोकरीला लागलेल्यांचं खरं नुकसान तिथेच झालंय. शेजारच्याचं बघून शिकणं काय असतं ते आपण वर्गात रोज बघतो.

घरून काम म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणत नाही. एका खोलीत बाबांची मीटिंग, दुसऱ्या खोलीत आईची आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी मोबाइलवर आमचा वर्ग. मागून कुकरची शिट्टी. ते पुन्हा नको.

पाळणाघराचं थोडं सविस्तर सांगते. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तरतूद चांगली आहे. पण सोय अंधेरीच्या किंवा बीकेसीच्या इमारतीत, आणि आई पापडीची. दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन सकाळच्या लोकलमध्ये कोण चढेल? अशा आईला घराजवळच्या पाळणाघराचे पैसे द्या आणि संध्याकाळी सुटायची वेळ पक्की करा. 'आज जरा थांबता का?' हा प्रश्न सहा वाजता विचारायचा नाही. इकडे पाळणाघरात शेवटचं उरलेलं मूल दाराकडे बघत बसलेलं असतं. अशी मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात कशी असतात, ते आपल्या शिक्षकांना ठाऊक आहे.

आणि पाऊस! जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी भरून वसई-विरारची वाहतूक बंद पडली होती, ते इथे कोणी विसरलेलं नाही. 19 ऑगस्ट 2025 ला मुंबई महापालिकेला खाजगी कार्यालयांना घरून काम द्या असं सांगावं लागलं. तेवढ्यात कितीतरी जण घरातून निघालेलेही असतात. रेड अलर्ट असेल तर घरून काम, हा नियम जून महिन्यातच लिहून ठेवायला काय हरकत आहे?

पालकहो, तुम्हीही नुसतं 'घरून काम द्या' असं सरसकट मागू नका. कितीची गाडी मिळते, किती वाजता पोहोचता, मूल कुठे असतं आणि कितीपर्यंत, हे एका कागदावर मांडून साहेबांसमोर ठेवा. साहेब दादरला राहत असतील तर त्यांना हे माहीत असेलच असं नाही.