शेवटच्या फेरीचा गहिवर

१९३७ साली मुंबईत आलेली दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची फेरी करून निघून गेली. अंधेरीस तिला हार घालण्यात आले, फुगे बांधण्यात आले. बसप्रेमी मंडळींनी तिच्यासवे छायाचित्रे काढून घेतली, आणि एका युगाचा अंत झाल्याचे सुस्कारे वृत्तपत्रांतून ऐकू आले. ह्या गहिवराची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. वरच्या मजल्यावरील अगदी पुढच्या आसनावर बसून, झाडांच्या फांद्या काचेवर आपटत असता, सारे शहर पायांखालून सरकताना ज्याने बालपणी पाहिले आहे, त्यास ते विसरावयास सांगणे हा करंटेपणा होय. आमचा आक्षेप निराळा आहे. ह्या गहिवराची वेळ चुकते, आणि ती दर वेळी चुकते, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

ट्रामचेच उदाहरण घ्या. १८७४ साली ती घोडे जुंपून सुरू झाली, १९०७ साली विजेवर धावू लागली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरास निघाली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसांची दाटी झाली होती. जी ट्राम जिवंत असताना रेंगाळते म्हणून दूषणास पात्र ठरली, तीच मरताच मुंबईचे भूषण झाली! माणसांच्या बाबतीत ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. वाहनेही तीतून सुटली नाहीत.

ट्रॉलीबसची कथा तर ह्याहून बोधप्रद आहे. रुळांचे बंधन नाही, पोटात तेल नाही; डोक्यावरच्या दोन तारांवर दोन दांडे टेकवून वीज घ्यावयाची आणि रबरी चाकांवर धुराविना धावावयाचे, अशी तिची सुटसुटीत रचना. १९६२ साली ती मुंबईत आली आणि १९७१ साली तिने गाशा गुंडाळला. तिच्यात दोष होते हे खरे. दांडा तारेवरून निसटला की गाडी जागच्या जागी थांबे, आणि रस्ता खणलेला असला तरी तारा सोडून तिला फार दूर जाता येत नसे. परंतु २०१७ साली संचविजेवर चालणाऱ्या बसगाड्या ह्याच शहरात आल्या, तेव्हा विजेची बस म्हणजे जणू काही अपूर्व नवलाई असेच आम्ही मानले. आपल्याच शहराने ह्या वाटेवर एकदा पाऊल टाकले होते, ते का टाकले व मागे का घेतले, ह्याची विचारपूस किती जणांनी केली? जी आठवण डोळ्यांत पाणी आणते पण डोक्यात प्रश्न आणीत नाही, ती आठवण केवळ चैन होय.

ह्यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील, "लोखंड झिजावयाचेच. पंधरा वर्षे झालेली गाडी मोडीत काढावी लागते. शिवाय दुमजली गाडीस दोन कंडक्टर लागत, खर्च अधिक येई. मग रडावयाचे कशास?" गाडीपुरते त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. गाडी मर्त्य आहे. पण सेवा मर्त्य असण्याचे काय कारण? थांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसास वाजवी वेळात, वाजवी भाड्यात बस मिळावी, हीच खरी संस्था. गाडी हे तिचे पालटते वस्त्र. वस्त्र जीर्ण झाले म्हणून आम्ही अश्रू ढाळतो आणि देह खंगत चालला आहे तिकडे पाहत नाही.

२०१० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या बसगाड्यांचा ताफा चार हजारांवर होता. २०२५ साली तो तीन हजारांच्या खाली आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. दुमजली गाड्या एकेकाळी नऊशेच्या घरात होत्या. फेब्रुवारी २०२३ पासून आलेल्या विजेच्या दुमजली गाड्यांनी शंभराचा आकडाही गाठलेला नाही. हजारावर गाड्या एकेक करून गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेस कोण होते? हार कोणी नेले? थांब्यावर अर्धा तास ताटकळणारी मोलकरीण, रात्रपाळीहून परतणारी परिचारिका, शाळेची घंटा चुकलेला मुलगा, एवढ्यांनीच तो मृत्यू पाहिला. आणि त्यांच्यापाशी छायाचित्रे काढण्याइतकी फुरसत नव्हती.

येथे आम्हां मध्यमवर्गीयांना स्वतःच्या मनाची झडती घेणे प्राप्त आहे. ज्या दिवशी आपल्या दारात मोटार उभी राहिली, त्याच दिवशी आपण बसला निरोप दिला. हार घालावयास मात्र पुष्कळ वर्षांनी गेलो. बस ज्या गर्दीत अडकून उशिरा येते, त्या गर्दीतील एक मोटार आपली असते. हे ध्यानात न घेता ढाळलेले अश्रू खरे असतील, पण निर्दोष नव्हेत.

प्रेमाने वाहन वाचत नाही असे मात्र कोणी समजू नये. १९४७ साली सान फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी तेथील जुन्या केबलकार मोडीत काढण्याचे ठरविले. फ्रीडेल क्लुसमन नावाच्या बाईंनी स्त्रियांच्या संस्था एकत्र केल्या, प्रश्न नगराच्या मतदानास नेला आणि तो मोठ्या बहुमताने जिंकला. त्या गाड्या आजही चढणी चढत आहेत. त्यांत आता हौशी प्रवाशांचीच गर्दी अधिक असते, हेही सांगितले पाहिजे. तरी त्या बाईंचे थोरपण एवढ्यात आहे की त्या वेळेवर निघाल्या, आणि हार न नेता मते घेऊन निघाल्या.

आमच्या बसप्रेमी मंडळींपाशी ज्ञान थोडे नाही. कोणत्या आगारातून कोणत्या क्रमांकाची बस कोणत्या साली निघे, हे त्यांस मुखोद्गत असते. जुन्या गाड्या संग्रहालयात जपाव्यात ह्या त्यांच्या मागणीसही आमचा पाठिंबा आहे. पण हेच ज्ञान जिवंत बसच्या कामी का येऊ नये? कोणता मार्ग बंद झाला, कोणती फेरी गळाली, कोणत्या वस्तीस आता बसच उरली नाही, ह्याची टिपणे त्यांच्याइतकी चोख कोण ठेवील? पुढच्या निरोपसमारंभाची वाट न पाहता त्यांनी, आणि ह्या पानाच्या वाचकांनीही, आठवड्यातून एक दिवस मोटार घरी ठेवून थांब्यावर रांगेत उभे राहावे, बस किती वेळाने आली ते लिहून काढावे, आणि तो कागद आपल्या नगरसेवकाच्या हाती द्यावा. त्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेची बस कदाचित थोडी लवकर येईल.