कोणत्या उलटीची गोळी?

औषधाच्या दुकानात सर्रास ऐकू येणारी मागणी: "उलटीची एक गोळी द्या." उलटी कोणाला होतेय, कशाने होतेय, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा हातावर पडतो, बहुतेकदा नाव आणि मुदतीची तारीख पलीकडच्या तुकड्यावर राहिलेली. उलटी म्हणजे पोटाची भानगड आणि तिची गोळी कुठलीही चालते, अशी ही समजूत. तितकाच ठाम असा दुसरा पक्ष म्हणतो, उलटी दाबूच नये, आतलं विष बाहेर पडू द्यावं. दोघेही चुकतात. पहिल्याच्या चुकीने जास्त नुकसान होतं, म्हणून आधी त्याचा समाचार.

उलटी पोटातून येत असली तरी तिचा हुकूम मेंदूतून सुटतो, आणि मेंदूपर्यंत वर्दी पोचण्याच्या वाटा अनेक. जुलाब-उलट्यांच्या साथीत किंवा केमोनंतर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस मज्जातंतू ती वर्दी वर नेतो. रक्तात उतरलेलं विष मेंदूच्या तळाशी असलेल्या 'एरिया पोस्ट्रेमा'ला कळतं. तिथे मुख्य काम डोपामिनचं. घाटात गाडी लागते तेव्हा तर पोट बिचारं निर्दोष असतं. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा कुरकुरते, आणि ती हिस्टामिन व ॲसिटिलकोलिनच्या वाटेने.

प्रत्येक औषध यातली ठरावीक वाट अडवतं. ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनची अडवतं, म्हणून केमोच्या उलटीवर ते गुणकारी आणि आंबोलीच्या वळणांवर जवळजवळ निरुपयोगी. तिथे ॲव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, कामाला येतं. तेही गाडी सुटण्याआधी घेतलं तर. झोप मात्र येते, तेव्हा स्टिअरिंगवर बसणाऱ्याने ते घेऊ नये, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला तर देऊच नये.

"गुण नाही आला तर नाही, अपाय तर नाही ना?" हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. अपाय असतो. मेटोक्लोप्रमाइड डोपामिन अडवतं, पण मेंदूत शिरून हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागातही अडवतं. मग एखाद्या तरुण मुलीची मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर चढून तिथेच थिजतात, जबडा आवळतो, बोलता येत नाही. ती पूर्ण शुद्धीवर असते, म्हणून आणखीच घाबरते. घरचे म्हणतात धनुर्वात झाला, नाहीतर अंगात आलं. जाणत्या डॉक्टरने योग्य इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत सगळं ओसरतं. गंमत म्हणजे ते इंजेक्शन पुष्कळदा प्रोमेथाझिनचंच असतं, म्हणजे दुसरं उलटीचंच औषध! युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये मेटोक्लोप्रमाइडला पाच दिवसांची मर्यादा घातली ती उगाच नाही.

डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून ते सौम्य मानलं जातं. पण ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. 2014 पासून युरोपात ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवड्यापुरतंच द्यायचं असतं. आपल्याकडे 'गॅसची गोळी' म्हणून पॅन्टोप्राझोलबरोबरच्या जोडगोळीतून ते वर्षानुवर्षं रोज उपाशीपोटी घेतलं जातं. ऑन्डान्सेट्रॉनलाही लयीचा हाच धोका आहे. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पोटॅशियम घटलेलं, त्यात लय बिघडवू शकणारं ॲझिथ्रोमायसिन किंवा ऑफ्लॉक्सासिन चालू, आणि वर ही गोळी! हृदयविकार असलेल्याने हे मिश्रण डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

आता दुसरा पक्ष. शिळं खाल्लं, एकदा भडभडून उलटी झाली, मोकळं वाटलं, तर गोळी नकोच. इतपत त्यांचं खरं. पण पोटाच्या विषाणूला उलटीने हाकलता येत नाही आणि केमोच्या उलटीत बाहेर काढण्यासारखं काही नसतंच. गरोदरपणातल्या उलट्या तर निव्वळ सोसायच्या, असं सासरी-माहेरी दोन्हीकडे सांगतात. गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइडने 1957 ते 1961 या काळात बाळांमध्ये जी जन्मजात व्यंगं घडवली त्यानंतर भीती समजण्याजोगी आहे. पण डॉक्सिलामाइन आणि ब-6 जीवनसत्त्व यांची जोडी भरपूर तपासली गेली आहे. पाणीही न टिकणाऱ्या, वजन उतरणाऱ्या बाईला ती नाकारण्यात शहाणपण कसलं?

लहान मुलांच्या गॅस्ट्रोबाबत तर पुरावाच आहे. 2006 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात ऑन्डान्सेट्रॉनच्या एका डोसनंतर सलाईन लावावी लागणाऱ्या मुलांचं प्रमाण 31 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आलं. गोळीने जुलाब थांबले नाहीत. पोटात ओआरएस टिकलं, एवढंच. म्हणून डोस डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्यावा, आणि उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने ओआरएस द्यावं. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घालावं. पेल्यात अंदाजाने चिमूट टाकू नये.

काही उलट्यांना मात्र घरची गोळी मुळीच नको. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी, डोक्याला मार लागल्यावरची उलटी, रक्ताची उलटी, पोट फुगून टणक झालेलं असताना होणारी उलटी: या वेळी थेट दवाखाना गाठावा. आणि पन्नाशीतल्या मधुमेह्याला मळमळीबरोबर दरदरून घाम फुटला, तर "पित्त झालंय" म्हणून त्याला गोळी देऊन झोपवू नये. आधी ईसीजी काढावा.