अंटार्क्टिकाला रेंज, आणि आमच्या वाडीला?

मंडळी, आमच्या पेण-रोह्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे. डोंगरातल्या वाडीवर फोन लागला नाही की कुणीतरी म्हणतंच, "तिकडे अंटार्क्टिकावर बर्फात यांचे फोन लागतात, आमच्याकडे लागत नाहीत. कशाला हवा तो खर्च?" आमच्या नात्यातही असं म्हणणारे आहेत (वाचत असतीलच!). तक्रार मला मान्य आहे. खर्चाबद्दल मात्र माझं भांडण आहे.

भारताचा 'भारती' तळ २०१२ साली सुरू झाला, ६९ अंश दक्षिणेला. तिथे केबल नाही, म्हणून सगळी भिस्त उपग्रहावर. आपल्या घरावरची डिश ज्या उपग्रहाकडे बघते तशा जातीचे उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंच असतात. भारतीवरून ते क्षितिजाच्या दहा-बारा अंशच वर दिसतात आणि थेट ध्रुवावरून तर दिसतच नाहीत. म्हणजे डिश जवळजवळ आडवी धरायची आणि वाऱ्यापासून वाचवायला वर घुमट घालायचा.

एवढा खटाटोप कशाला? पृथ्वीची चित्रं घेणारे आपले उपग्रह ध्रुवांजवळून फिरतात, दिवसाला सुमारे १४ फेऱ्या. खाली पृथ्वी वळत असते, त्यामुळे हैदराबादजवळच्या शादनगर केंद्राला त्यातल्या थोड्याच फेऱ्या सापडतात. ध्रुवाजवळ बसलेल्याला मात्र बहुतेक सगळ्या. (वर्ग असता तर नारळाला सुतळी गुंडाळून दाखवलं असतं.) म्हणून ऑगस्ट २०१३ पासून भारतीवर ही चित्रं उतरवून घेतात आणि दुसऱ्या उपग्रहामार्गे शादनगरला धाडतात. ऐन पावसात ढगांपलीकडून पुराचे नकाशे मिळतात ते उपग्रहांच्याच जिवावर. अंबा आणि कुंडलिकेच्या काठच्या माणसांनी तरी याला उधळपट्टी म्हणू नये!

आणि तो मुलूख आपल्याला इतका परकाही नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेते आहे. ती चालवणाऱ्या, पनवेलला मुख्यालय असलेल्या भूचुंबकत्व संस्थेची माणसं अंटार्क्टिकावर 'मैत्री' तळावरही मोजमाप करतात. एप्रिल २०२४ मध्ये भारतीवर टपाल कार्यालय उघडलं, त्याचा पिन कोड एमएच-१७१८. टपालखात्याच्या लेखी तळ महाराष्ट्रातच!

मग रागवायचं कुणावर? भारतीला संपर्क देताना कुणी विचारलं नाही की गिऱ्हाईकं किती मिळतील. हिवाळ्यात तिथे मूठभरच माणसं असतात, पण ती तुटलेली राहता कामा नयेत, असं ठरलं आणि डिश उभी राहिली. वाडीची गोष्ट निघाली की मात्र उंबरे मोजतात आणि परवडत नाही म्हणतात. केंद्राने जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांना ४जी पोचवण्याची योजना मंजूर केली, चांगलंच झालं. पण दरड काही योजनेची वाट बघत नाही. २२ जुलै २०२१ ला तळिये गाडलं गेलं, बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, मदतीची माणसं चिखलातून पायी डोंगर चढली.

तेव्हा भारतीची डिश काढा म्हणू नका. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, ग्रामसभेत ठराव मांडा: पावसाळ्याआधी डोंगरातल्या प्रत्येक वाडीच्या शाळेत एक उपग्रह फोन, सौर पॅनेलवर चालणारा, आठवड्यातून एकदा लावून बघितलेला. आणि तो फक्त धोकादायक गावांच्या यादीतल्या वाड्यांना नको. इर्शाळवाडीचं नाव त्या यादीत नव्हतं.