डिपॉझिट नव्हे, अमानत!

घर सोडायचा सीझन आला की प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण चेहरा पाडून बसलेला असतो. ब्रेकअप? नाही हो. अप्रेझल? तेही नाही. डिपॉझिट अडकलंय! चावी देऊन महिना झाला, घरमालक फोन उचलत नाहीत, उचलला तर 'पुढच्या आठवड्यात बघू'. आणि मग येतो तो फेमस मेसेज... पेंटिंगचे इतके, क्लीनिंगचे इतके, नळाचा वॉशर, खिडकीची जाळी, 'इतर' इतके. शिल्लक? जेमतेम दोन पार्ट्या होतील एवढी.

आता माझीच केस घ्या. पुण्यात आम्ही तिघी एका टू बीएचकेमध्ये तीन वर्षं राहिलो. डिपॉझिट ६०,००० रुपये, म्हणजे डोक्यावर वीस हजार. माझे वीस बाबांनी दिले होते, त्या वर्षीच्या हळदीच्या पट्टीतून. आमचं गाव डोंगरकडा, जिल्हा हिंगोली. तिकडे हळद खणायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग कुठे बाजारात न्यायची. एवढ्या उस्तवारीचे पैसे तीन वर्षं कुणाच्या तरी खात्यात बसून होते. घर सोडलं तेव्हा त्या साठातले चौदा हजार रंगाला गेले. तीन वर्षांत भिंत मळणारच ना यार! आम्ही अगदी साध्वीसारखं राहिलो असतो तरी मळली असती.

गावी मात्र पिक्चर उलटा. तिथे आम्हीच मालक! घरासमोरच्या दोन खोल्या आई भाड्याने देते. कधी शाळेतले सर, कधी बँकेतल्या मॅडम. डिपॉझिट एका महिन्याचं. आणि सिस्टीम काय, तर एक वही. राहायला येणाऱ्यांच्या समोर बसून आई लिहिते... पंखा एक, चालू. ट्यूब दोन. किल्ल्या दोन. मागच्या खिडकीची काच तडकलेली. खाली त्यांची सही. जायच्या दिवशी तीच वही उघडायची, सगळं जागच्या जागी आहे ना बघायचं, लाइट बिल राहिलं असेल तर तेवढं वजा करायचं आणि बाकीचे पैसे हातावर. टेम्पो सुटायच्या आधी! मी एकदा विचारलं, रंगाचे नाही कापत? तर म्हणाली, "रंग आपल्या भिंतीला लावायचा न् पैसे त्याइचे काऊन? ती तर अमानत हाय."

अमानत! मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे असे शब्द आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी सहज येतात. शहाण्यासुरत्या मराठीत त्याचंच 'अनामत' झालं. अर्थ एकच. दुसऱ्याची वस्तू, विश्वासाने सांभाळायला दिलेली. म्हणजे डिपॉझिट हे मालकाचं उत्पन्न नाही आणि त्याचा रिनोव्हेशन फंड तर नाहीच नाही. ते शेवटच्या दिवसापर्यंत भाडेकरूचं असतं. कापायचं असेल तर का कापलं, हे मालकाने दाखवायला हवं. फंडा एवढाच आहे.

साहेबाच्या देशातली वही

हाच फंडा इंग्लंड आणि वेल्सने कायद्यात घातला. तिथे एप्रिल २००७ पासून घरमालकाला डिपॉझिट स्वतःच्या खिशात ठेवून गप्प बसता येत नाही. सरकारमान्य योजनेत ते ३० दिवसांच्या आत सुरक्षित करायचं आणि भाडेकरूला तसं लेखी कळवायचं. नाही केलं, तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. घर सोडल्यावर किती परत द्यायचे यावर दोघांचं एकमत झालं, की १० दिवसांत पैसे परत. एकमत नाही झालं, तर योजनेकडूनच फुकटात निवाडा होतो आणि तोपर्यंत वादातली रक्कम सुरक्षित राहते. निवाडा करणारा काय बघतो? राहायला आले तेव्हाची यादी आणि जाताना केलेली यादी. थोडक्यात, आईची वही! रोजच्या वापराने होणारी झीज मात्र भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

आणि आपल्याकडे?

आपला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. योगायोग बघा, आमचा हिंगोली जिल्हासुद्धा १९९९ च्या १ मे चा. दोघंही जवळपास माझ्याच वयाचे! या कायद्यात करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरीही. हे चांगलंच आहे. पण पुढची गंमत ऐका. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर तुम्ही घर अडवून बसलात, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ताबा मिळवायला मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायची खास सोय आहे. आणि मालक तुमचं डिपॉझिट अडवून बसला तर? त्याला अशी दुप्पट नाही. तुमच्यासाठी नोटीस आणि मग दिवाणी दावा. वीस हजारांसाठी कोण कोर्टात जातं? मालकालाही हे पक्कं ठाऊक असतं.

अजून एक गंमत. करारावरची स्टॅम्प ड्युटी काढताना परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि भाड्यात ते मिळवून एकूण रकमेवर पाव टक्का ड्युटी घेतात. आमच्या ६०,००० चं अकरा महिन्यांचं व्याज झालं ५,५००. त्यावर ड्युटी पावणेचौदा रुपये. म्हणजे हे पैसे कुणाला तरी कमाई देतात हे सरकारलाही मान्य आहे. फक्त ती कमाई तुमच्या वाट्याला येत नाही!

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढं, आणि ताबा घेतानाच हिशेब करून परत. झकास! पण तो नमुना आहे, स्वीकारायचा की नाही हे राज्यांच्या हातात.

तोवर काय करायचं?

कायदा देत नाही ते करारात लिहून घ्यायचं. सही करण्याआधी, कारण नंतर कुणी ऐकत नाही.

एक, परतीची तारीख लिहा. 'चावी देतानाच' किंवा फार तर सात दिवसांत. उशीर झाला तर रोजचे किती, तेही लिहा. उशिराचा दंड तुम्हाला आहे, तर त्यांनाही असू दे की!

दोन, डिपॉझिट पूर्णपणे बँकेतून द्या आणि पूर्ण आकडा करारात येऊ द्या. लिव्ह अँड लायसन्सच्या वादात लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. 'अर्धे कॅश द्या' म्हणणाऱ्या ब्रोकरला गोड हसून नाही म्हणा.

तीन, पहिल्याच दिवशी यादी आणि फोटो. तडकलेल्या काचेचे आधी! मालकाला मेल करा. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून तीच यादी बघा.

चार, कपात झाली तर बिल मागा. बिल नाही, तर कपात नाही.

आणि तो लाडका जुगाड, 'शेवटचे दोन महिने भाडंच द्यायचं नाही'? टेम्प्टिंग आहे, कबूल. पण बऱ्याच करारांत त्याला मनाई असते, म्हणजे थकबाकीदार तुम्हीच ठरता. शिवाय मालकाचीही बाजू आहे. बिलं थकवून रातोरात पसार होणारे महाभाग आपल्यातच असतात. अमानत दोन्ही बाजूंनी सांभाळायची असते.

आज तुम्ही भाडेकरू आहात. उद्या ईएमआय फेडता फेडता सेकंड फ्लॅट घ्याल, तो भाड्याने द्याल आणि एखादी नवी मुलगी तुमच्या खात्यात डिपॉझिट भरेल. ते तिच्या पहिल्या पगारातलं असेल किंवा तिच्या बाबांच्या हळदीतलं. रंगाचं कोटेशन मागवण्याआधी एवढं आठवलं, तरी पुष्कळ झालं.